हलका अलॉय डिझाईन करायचाय? मग आधी तो गोठतो कसा ते बघा

नवीन अलॉय (मिश्रधातू) करायचा म्हटलं की बहुतेक जण आधी पिरिऑडिक टेबल उघडून बसतात, मग थोडं हे घालू, थोडं ते घालू असं सुरू होतं आणि चार महिन्यांनी हातात वीस-पंचवीस बटणं (वितळवून ओतलेले छोटे नमुने) असतात ज्यांच्यावरून काहीच ठरवता येत नाही. मीही सुरुवातीला हेच केलंय. नंतर कळलं की टक्केवारी सगळ्यात शेवटी ठरवायची असते. आधी पार्टला काम काय करायचंय ते, मग तो कशाने बनणार, मग त्यासाठी धातूच्या आत कसं स्ट्रक्चर लागेल, आणि मग कोणतं मूलद्रव्य किती. मटेरिअल्स शास्त्रज्ञ ग्रेग ओल्सन यांनी ही साखळी अशी उलट्या बाजूने चालवायची पद्धत रुजवली आणि माझ्या मते या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने पहिली हीच शिकावी.

सगळंच बोलत बसलो तर काहीच नीट होणार नाही, म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून चालतो: लेझरने पावडर वितळवून थ्रीडी प्रिंट करायचा, हलका, अ‍ॅल्युमिनिअमचा नवीन अलॉय. पद्धत मात्र मॅग्नेशिअमला, टायटॅनिअमला, डाय कास्टिंगला, कशालाही लागू पडते.

पहिली पायरी: काम आकड्यांत लिहून काढा

"हलका आणि मजबूत पाहिजे" हे काम नव्हे, ती इच्छा झाली. पार्ट ओढला जाणार आहे, वाकणार आहे, की पत्र्यासारखा दाबला जाणार आहे, ते आधी ठरवा, कारण हलकेपणाचं सगळं गणित त्यावर फिरतं.

स्टीलची डेन्सिटी साधारण ७.८७ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर आणि स्टिफनेस (यंग्ज मॉड्युलस) २१० गिगापास्कलच्या आसपास, अ‍ॅल्युमिनिअम २.७० आणि ७०, मॅग्नेशिअम १.७४ आणि ४५, टायटॅनिअम ४.५ आणि ११० ते ११५. आता मॉड्युलसला डेन्सिटीने भागून बघा, चौघांचंही उत्तर २५-२६ च्या आसपासच येतं! म्हणजे नुसत्या ओढल्या जाणाऱ्या रॉडमध्ये स्टिफनेस तेवढाच हवा असेल तर स्टील काढून अ‍ॅल्युमिनिअम घातल्याने वजनात काहीच पदरात पडत नाही.

पण पत्रा वाकत असेल तर चित्र एकदम बदलतं. तिथे जाडीच्या घनावर स्टिफनेस ठरतो, त्यामुळे स्टीलच्या पत्र्याइतका कडक अ‍ॅल्युमिनिअमचा पत्रा साधारण १.४४ पट जाड घ्यावा लागतो आणि तरी वजन निम्म्यावर येतं, मॅग्नेशिअमचा १.६७ पट जाड घेऊनही जेमतेम ३७ टक्के. हलक्या धातूंचा खरा फायदा इथे आहे, वाकण्यात. असे इंडेक्स (वजनामागे किती स्टिफनेस मिळतो ते) काढायची रीत मटेरिअल्स इंजिनिअर मायकेल अ‍ॅशबी यांनी बसवून दिलीय, कागद-पेन्सिल घेऊन एक तास घालवा, पुढचे सहा महिने वाचतात.

अजून एक गोष्ट इथेच सांगून टाकतो कारण लोक फार फसतात. अलॉयिंग करून ताकद पाच-दहा पट वाढवता येते, पण स्टिफनेस जवळजवळ जिथल्या तिथेच राहतो. अ‍ॅल्युमिनिअममध्ये याला मोठा अपवाद लिथिअमचा, वजनाने १ टक्का लिथिअम घातलं की डेन्सिटी सुमारे ३ टक्क्यांनी उतरते आणि मॉड्युलस सुमारे ६ टक्क्यांनी चढतो. म्हणून विमानवाले त्याच्या मागे लागले. पण लिथिअम वितळवताना सांभाळणं हे वेगळंच प्रकरण आहे, पहिल्या प्रोजेक्टला हात लावू नका.

आमच्या उदाहरणापुरती यादी अशी धरू: प्रिंट करताना तडे जाता कामा नयेत, डेन्सिटी २.७ च्या वर जायला नको, पाण्यात क्वेंच (तापवून एकदम थंड) करायची गरज पडू नये (पातळ प्रिंट केलेले पार्ट क्वेंचमध्ये वाकडे होतात), आणि पार्ट १०० अंश सेल्सिअसच्या आसपास वर्षानुवर्षं राहणार आहे. ही शेवटची ओळ ध्यानात ठेवा, ती नंतर आडवी येणार आहे.

दुसरी पायरी: बेस धातू

हे पटकन उरकू. टायटॅनिअम गरम जागी आणि गंजाच्या जागी उत्तम, पण जड आणि महाग. मॅग्नेशिअम सगळ्यात हलकं, पण त्याची स्फटिकरचना षटकोनी असल्यामुळे खोलीच्या तापमानाला त्याच्या अणूंच्या थरांना एकमेकांवरून सरकायला वाटा कमी असतात, त्यामुळे पत्रा वाकवताना तडकतो, शिवाय लोह अगदी दहा हजारातल्या एक-दोन भागांइतकं जरी घुसलं तरी गंज झपाट्याने वाढतो. अ‍ॅल्युमिनिअम दोन्हींच्या मधलं, समजायला सोपं आणि हाताळायला त्यातल्या त्यात सुरक्षित. हाय एन्ट्रॉपी अलॉय (अनेक मूलद्रव्यं जवळजवळ सारख्या प्रमाणात असलेले), जे २००४ मध्ये कँटर आणि येह यांच्या गटांनी वेगवेगळे पुढे आणले, ते अभ्यासाला सुंदर आहेत पण क्रोमिअम-मँगनीज-लोह-कोबाल्ट-निकेलवाला प्रसिद्ध अलॉय स्टीलइतकाच जड आहे, त्यामुळे हलकेपणासाठी तिकडे धावू नका.

तिसरी पायरी: प्रोसेस काय मागतेय ते ऐका

इथे थोडा वेळ थांबू, कारण अलॉय मरतात ते इथेच.

लेझर प्रिंटिंगमध्ये वितळलेल्या धातूचं तळं मिलिमीटरच्या काही दशांशाइतकंच असतं आणि ते सेकंदाला लाख ते दहा लाख अंश या वेगाने थंड होतं. धातू एकदम गोठत नाही. आधी झाडाच्या फांद्यांसारखे डेंड्राइट वाढतात आणि त्यांच्या मधल्या फटींत शेवटचा पातळ द्रव उरतो ज्यात बहुतेक अलॉयिंगची मूलद्रव्यं ढकलली गेलेली असतात. अ‍ॅल्युमिनिअम गोठताना आकारमानाने सुमारे ६ टक्के आक्रसतं. आता विचार करा, फांद्या घट्ट झाल्यात, आक्रसतायत, एकमेकींपासून ओढल्या जातायत आणि मध्ये द्रवाचा पातळ पापुद्रा. ती फट भरायला वरून द्रव पोचला नाही की तिथेच फाटतं. याला हॉट क्रॅकिंग म्हणतात आणि ६०६१, ७०७५ सारखे नावाजलेले अलॉय प्रिंटरवर तडकतात ते यामुळेच. त्यांचा गोठण्याचा पल्ला (गोठायला सुरुवात होते ते पूर्ण गोठतो यातलं तापमानाचं अंतर) लांब आहे आणि शेवटी उरणारा द्रव फार थोडा.

याउलट १० टक्के सिलिकॉनवाला अलॉय प्रिंटरवर इतका शहाण्यासारखा का वागतो? कारण अ‍ॅल्युमिनिअम-सिलिकॉनचा युटेक्टिक (सगळ्यात कमी तापमानाला, एकदम गोठणारं मिश्रण) १२.६ टक्क्यांना आणि ५७७ अंशांना आहे, १० टक्के म्हणजे त्याच्या अगदी शेजारी, त्यामुळे बराचसा द्रव एकाच तापमानाच्या आसपास गोठतो आणि फटी भरायला भरपूर द्रव शिल्लक असतो. पण ताकद मर्यादित राहते.

मग वाटा दोन. एकतर पल्ला कमी करा, नाहीतर फांद्याच लांब वाढू देऊ नका. दुसऱ्या वाटेचं गाजलेलं काम २०१७ चं, अमेरिकेतल्या एचआरएल लॅबोरेटरीजच्या लोकांनी ७०७५ च्या पावडरच्या कणांवर झिर्कोनिअम हायड्राइडचे नॅनोकण चिकटवले, वितळल्यावर झिर्कोनिअम आणि अ‍ॅल्युमिनिअम मिळून बारीक स्फटिक तयार झाले, त्यांच्यावर असंख्य छोटे गोल ग्रेन (धातूचे दाणे) उगवले आणि तडे गेले. म्हणजे राहिलेच नाहीत! लांब खांबासारख्या ग्रेनच्या मधली सरळ फट तडा जायला सोपी असते, बारीक गोल ग्रेनचा ढीग मात्र ताण वाटून घेतो आणि द्रवालाही आत वाट देतो.

हे असं का जमतं तर झिर्कोनिअमचा एक आणि अ‍ॅल्युमिनिअमचे तीन अणू मिळून जो क्युबिक स्फटिक होतो त्याची जाळी ४.०८ अँगस्ट्रॉमची आणि अ‍ॅल्युमिनिअमची ४.०५. इतकं जुळल्यावर अ‍ॅल्युमिनिअम त्याच्यावर आनंदाने बसतं. स्कँडिअम हेच काम करतं, स्कॅल्मॅलॉय हा प्रिंटिंगचा अलॉय त्याच्यावरच उभा आहे, पण स्कँडिअम फार महाग, म्हणून आपण झिर्कोनिअम घेऊ.

प्रोसेस अजून एक मागणी करते: वाफ होऊ नका. झिंक ९०७ अंशांना उकळतं आणि मॅग्नेशिअम १०९० च्या आसपास, अ‍ॅल्युमिनिअम पार २४०० च्या वर. लेझरखाली झिंक उडून जातं, धूर होतो, छिद्रं पडतात. म्हणून आमच्या यादीतून झिंक बाद. मॅग्नेशिअम ठेवू, पण हिशोबाने.

चौथी पायरी: ताकद कुठून आणणार

१९०६ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड विल्म अ‍ॅल्युमिनिअमला स्टीलसारखं क्वेंच करून कडक करायला बघत होते. लगेच मोजल्यावर विशेष काही नाही, आणि दोन दिवसांनी तोच नमुना पुन्हा मोजला तर कडकपणा वाढलेला! त्यातूनच पुढे ड्युरॅल्युमिन आलं. आत नेमकं काय होतंय हे कळायला १९३८ उजाडावं लागलं, गिनिए आणि प्रेस्टन यांनी एक्स-रेने दाखवलं की तांब्याचे अणू अगदी पातळ चकत्यांसारखे एकत्र येतात आणि डिसलोकेशनची (जाळीतल्या सरकत्या दोषांची, ज्यांच्यामुळे धातू वाकतो) वाट अडवतात.

यातून डिझाईनसाठी नियम निघतो तो असा की असं मूलद्रव्य शोधा जे गरम असताना भरपूर विरघळतं आणि थंडपणी जवळजवळ नाही. तांबं ५४८ अंशांना ५.६५ टक्के विरघळतं आणि खोलीच्या तापमानाला नगण्य, म्हणून ते इतकं चालतं. पण त्यासाठी तापवून क्वेंच करावं लागतं आणि ते तर आपण यादीतच नको म्हटलंय.

झिर्कोनिअमची इथे दुसरी कमाल बघा. नेहमीच्या हिशोबाने ते घन अ‍ॅल्युमिनिअममध्ये जास्तीत जास्त ०.२८ टक्के विरघळतं. पण प्रिंटिंगमध्ये गोठणं इतकं झटपट होतं की त्याहून कितीतरी जास्त झिर्कोनिअम आत अडकून राहतं. म्हणजे क्वेंचिंग प्रिंटरनेच करून दिलं, आपण थेट ३०० ते ४०० अंशांना एजिंग करायचं, म्हणजे काही तास गरम ठेवायचं, की अडकलेलं झिर्कोनिअम बारीक कण होऊन बाहेर पडतं. शिवाय झिर्कोनिअम अ‍ॅल्युमिनिअममध्ये फार हळू सरकतं, त्यामुळे हे कण गरम जागीही लवकर मोठे होत नाहीत. याच्या जोडीला मॅग्नेशिअम जाळीत विरघळून राहतं आणि ताकद देतं, वजनही उतरवतं.

पहिला अंदाज धरला: मॅग्नेशिअम ४.५ टक्के, झिर्कोनिअम ०.८ टक्के, बाकी अ‍ॅल्युमिनिअम. डेन्सिटी काढताना नुसती सरासरी काढू नका, प्रत्येकाच्या वजनाच्या हिश्श्याला त्याच्या डेन्सिटीने भागा, बेरीज करा आणि उलटा करा. ०.९४७ भागिले २.७०, अधिक ०.०४५ भागिले १.७४, अधिक ०.००८ भागिले ६.५२, बेरीज ०.३७८, उलटा केला की २.६५. यादीत बसलं.

पाचवी पायरी: भट्टी पेटवायच्या आधी कॉम्प्युटर

फेज डायग्राम (कोणत्या तापमानाला कोणती फेज, म्हणजे कोणती आतली रचना, टिकते त्याचा नकाशा) हिशोबाने काढायच्या पद्धतीला कॅल्फॅड म्हणतात. थर्मो-कॅल्क, पँडॅट ही विकतची सॉफ्टवेअर, पायकॅल्फॅड पायथॉनमधलं आणि मोफत, फक्त तुमच्या मूलद्रव्यांचा डेटाबेस नीट मिळवा कारण उत्तर डेटाबेसइतकंच खरं.

दोन गोष्टी चालवा. एक, समतोलाचं कॅल्क्युलेशन, म्हणजे खूप वेळ दिला तर कोणत्या फेज निघतील. दोन, शाइल, ज्यात असं धरतात की घन भागात काहीच सरकत नाही आणि द्रव मात्र पूर्ण मिसळलेला. प्रिंटिंगला आणि ओतकामाला दुसरं जास्त जवळचं. फरक किती पडतो बघा, ४.४ टक्के मॅग्नेशिअमचा ५०८३ हँडबुकात साधारण ५७४ ते ६३८ मध्ये वितळतो असं दिसतं, पण शाइल चालवलं तर शेवटचा थेंब ४५० अंशांपर्यंत द्रवच राहतो कारण अ‍ॅल्युमिनिअम-मॅग्नेशिअमचा युटेक्टिक तिथे आहे. हँडबुक बघून "पल्ला छोटा आहे" म्हणणारा इथे आपटतो.

मग तापमान आणि घन भागाचं वर्गमूळ यांचा आलेख काढा आणि शेवटच्या टोकाला, घन जवळजवळ १०० टक्के व्हायला येतं तिथला उतार बघा. सिंडो कू यांनी २०१५ मध्ये मांडलेला हा निकष आहे, उतार जितका तीव्र तितकी तडे जायची शक्यता जास्त. यातून खरा आकडा मिळेल असं समजू नका, दहा कॉम्पोझिशनची क्रमवारी लावायला मात्र तो फार उपयोगी.

मशिन लर्निंगबद्दल लोक विचारतात म्हणून सांगतो. तुमच्याकडे ३०-४० नमुनेच असतील तर मोठ्या मॉडेलच्या नादी लागू नका, पुढचा नमुना कुठला करू एवढंच सुचवणारं बेझिअन ऑप्टिमायझेशन पुरे.

सहावी पायरी: चार्ज आणि वितळवणं

५०० ग्रॅमचा चार्ज धरू. शुद्ध झिर्कोनिअमचे तुकडे अ‍ॅल्युमिनिअममध्ये टाकले तर विरघळता विरघळत नाहीत, म्हणून १० टक्के झिर्कोनिअमवाला मास्टर अलॉय घ्या. ०.८ टक्के म्हणजे ४ ग्रॅम झिर्कोनिअम, म्हणजे ४० ग्रॅम मास्टर अलॉय. मॅग्नेशिअम २२.५ ग्रॅम पाहिजे पण थोडं जळतं, तुमच्या भट्टीत ९५ टक्के हाती लागत असेल तर २३.७ ग्रॅम टाका. अ‍ॅल्युमिनिअम ५०० वजा ४० वजा २२.५, म्हणजे ४३७.५ ग्रॅम. तो ९५ चा आकडा दुसऱ्याचा उसना घेऊ नका, पहिल्या दोन ओतकामांचं केमिकल अ‍ॅनालिसिस करून स्वतःचा काढा.

क्रम असा: आधी अ‍ॅल्युमिनिअम, मग मास्टर अलॉय, आणि तो पूर्ण विरघळेपर्यंत चांगलं गरम ठेवा, मग तापमान उतरवून मॅग्नेशिअम, तेही घंटीच्या आकाराच्या हत्यारात धरून तळाशी दाबून, वर तरंगलं की पेटतं. शेवटी आर्गॉन सोडून हायड्रोजन काढा. गोठताना हायड्रोजनची विद्राव्यता जवळजवळ वीस पटीने घसरते आणि निघालेला गॅस छिद्रं करून बसतो. मळी काढली की तांब्याच्या साच्यात ओता.

सुरक्षेचं मनापासून सांगतोय. मूस, हत्यारं, साचा, चार्ज, सगळं आधी तापवून कोरडं करा, वितळलेल्या धातूखाली पाण्याचा थेंब गेला की स्फोट होतो. मॅग्नेशिअमच्या आगीवर पाणी कधीच नाही, त्याने हायड्रोजन निघतो आणि आग भडकते, कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीचं क्लास डी एक्स्टिंग्विशर जवळ ठेवा.

सातवी पायरी: पावडर करायच्या आधी प्लेटवर लेझर

ही युक्ती मला सगळ्यात प्रिय आहे. पावडर बनवून घ्यायला वेळ आणि पैसा दोन्ही भरपूर जातो. आणि ओतलेल्या बटणावरून प्रिंटचा अंदाजही येत नाही, कारण हळू थंड झालेल्या बटणात झिर्कोनिअमचे जाडे स्फटिक आधीच पडून गेलेले असतात, अलॉय वाईट म्हणून नव्हे, वेग कमी म्हणून. म्हणून ओतलेल्या तुकड्यातून सपाट प्लेट कापा, घासून घ्या आणि तिच्यावर लेझरच्या नुसत्या रेघा मारा, वेगवेगळ्या पॉवरला आणि वेगाला. एका दिवसात पाच अलॉय बघून होतात.

मग रेघ आडवी कापा, तुकडा रेझिनच्या मोल्डमध्ये बसवा, पॉलिश करा. शेवटचं पॉलिश कोलॉइडल सिलिकाने, घाईत सोडलेला एक ओरखडा मायक्रोस्कोपखाली हुबेहूब तड्यासारखा दिसतो. केलर्स रीएजंट या अ‍ॅसिडच्या मिश्रणाने काही सेकंद एच करा (पृष्ठभाग हलका खाऊ द्या, म्हणजे ग्रेन दिसतात), त्यात हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड असतं तेव्हा ग्लोव्ह, गॉगल, फ्युम हूड आणि कॅल्शिअम ग्लुकोनेटचं जेल हाताशी असल्याशिवाय बाटली उघडायची नाही.

आता भिंगाखाली काय दिसतं? अर्ध्या बदामासारखा आकार, तळाच्या कडेला मासळीच्या काट्यांसारखे आत तिरपे गेलेले ग्रेन. झिर्कोनिअम नसलेल्या नमुन्यात हे काटे कडेपासून थेट मध्यापर्यंत पोचतात आणि मध्ये जिथे दोन्ही बाजू भेटतात तिथे एक काळी, नागमोडी केसासारखी रेघ उभी असते. तोच तुमचा तडा. आपल्या नमुन्यात कडेला बारीक दाण्यांचा पट्टा दिसायला पाहिजे आणि ती काळी रेघ गायब. ती दिसत असेल तर आधी पॉवर-वेग बदलून बघा, तरी राहिली तर झिर्कोनिअम वाढवा, पण एका वेळी एकच गोष्ट बदला.

आठवी पायरी: एजिंग आणि मोजमाप

रेघ मारलेल्या प्लेटचे तुकडे ३००, ३५० आणि ४०० अंशांना अर्धा तास, एक, दोन, चार, आठ आणि चोवीस तास ठेवा आणि लेझरने वितळलेल्या भागातच विकर्स हार्डनेस (हिऱ्याच्या टोकाने ठसा उमटवून कडकपणा) घ्या, ठसा छोटा ठेवा नाहीतर खालच्या ओतीव धातूचा आकडा मिसळतो. आलेख चढतो, शिखरावर जातो, मग उतरतो. विकर्सच्या आकड्याला साधारण ३.३ ने गुणलं की मेगापास्कलमध्ये ताकदीचा कच्चा अंदाज येतो, पण तो कच्चाच, रिपोर्टमध्ये ताकद म्हणून लिहू नका. केमिस्ट्री तपासायला आयसीपी (नमुना विरघळवून मूलद्रव्यं मोजायची पद्धत) वापरा. ईडीएस (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधली एक्स-रे तपासणी) कुठे काय जमलंय ते दाखवायला छान आहे, एकूण टक्केवारी ठरवायला नाही.

नववी पायरी: आडवी येणारी ओळ

यादीतली ती १०० अंशांची ओळ आठवते? अ‍ॅल्युमिनिअममध्ये मॅग्नेशिअम ३ टक्क्यांच्या वर असेल आणि पार्ट ६५ अंशांच्या वर दीर्घकाळ राहिला, तर मॅग्नेशिअम हळूहळू ग्रेनच्या सीमांवर वेगळी फेज करून बसतं आणि गंज त्या सीमांवरूनच आत शिरतो, ताण असेल तर तडा जातो. याला सेन्सिटायझेशन म्हणतात. म्हणजे आपला ४.५ टक्क्यांचा अलॉय सगळ्या परीक्षा पास झाला, सुंदर दिसला, आणि तरीही या कामाला चालत नाही.

तेव्हा मॅग्नेशिअम २.८ वर आणा. गेलेली ताकद भरून काढायला १ टक्क्याच्या आसपास मँगनीज घाला, नेहमीच्या समतोलातही ते १.८ टक्क्यांपर्यंत विरघळतं आणि प्रिंटिंगमध्ये ते बहुतेक आत अडकून राहतं. डेन्सिटी परत काढा, साधारण २.६९ येते, म्हणजे अजून यादीत आहोत. मग पुन्हा शाइल, पुन्हा चार्ज, पुन्हा रेघा. असे दोन-तीन फेरे होतातच, त्यात वाईट वाटून घेऊ नका. हा नवा नमुना १०० अंशांच्या ओव्हनमध्ये काही आठवडे ठेवून नायट्रिक अ‍ॅसिडमधली वजन घटण्याची चाचणी करा, शेजारी जुना ४.५ टक्केवालाही ठेवा म्हणजे तुलना करता येते.

हे सगळं पास झालं की मगच पावडरची ऑर्डर, गॅस अ‍ॅटमायझेशनची (वितळलेला धातू गॅसच्या झोताने फवारून केलेली), साधारण २० ते ६३ मायक्रॉन. ऑर्डरमध्ये मॅग्नेशिअम प्लेटवर मोजलेल्या घटीइतकं चढं लिहा कारण लेझरखाली ते परत उडणार आहे, आणि ऑक्सिजन व ओलावा किती चालेल तेही लिहून द्या. डबा उघडताना अर्थिंग लावलेलं असू द्या, अ‍ॅल्युमिनिअमची बारीक पावडर हवेत उडाली की एक ठिणगी पुरते. पहिल्या प्रिंटमधून उभे आणि आडवे, दोन्ही दिशांचे टेन्साइल बार (ओढून तोडायचे नमुने) काढा, आणि प्रत्येक बारवर बॅच नंबर, प्लेटवरची जागा आणि एजिंगचे तास त्याच दिवशी कोरून ठेवा.